साठीच्या उंबरठ्यावरचा छोटा धंदा : आधी मजुरी धरा, मग नफा मोजा



सहावीच्या गणितात आपण नफा-तोटा शिकवतो. विक्री किंमत खरेदी किमतीपेक्षा जास्त असेल तर नफा, कमी असेल तर तोटा. हमाली, गाडीभाडं खरेदीत मिळवायचं, एवढी काळजी घेतली की मुलं उदाहरणं पटापट सोडवतात. पण हेच सूत्र घेऊन पंचावन्न-साठ वर्षांचं माणूस स्वतःचा धंदा मांडायला बसलं, की त्यात एक मोठा खर्च धरायचा राहून जातो. तो खर्च म्हणजे त्या माणसाची स्वतःची मेहनत. घरच्या माणसाची मजुरी कोणी लिहीत नाही. मग वर्षभर राबून हातात काय उरलं, ते कळतच नाही.

हा विषय शाळेच्या ब्लॉगवर कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं कारण आपल्या पालकसभेतच आहे. दिवा-रोहा लोहमार्गावर नागोठणं सोडलं की निडी येतं, पुढे रोहा. वरच्या बाजूला कासू, पेण. या पट्ट्यातल्या शाळांत मुलाला सोडायला, न्यायला आणि सभेला येतात ते बहुतेक वेळा आजी-आजोबा. आई-बाबा कंपनीत, नाहीतर पनवेल-मुंबईकडे. कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा, शेतीचं काम कमी झालेली आजी, दोघांच्याही बोलण्यात एक वाक्य हमखास येतं, "बाई, घरी बसवत नाही, कायतरी सुरू करावं म्हणतोय." हे ‘कायतरी’ नीट सुरू व्हावं, म्हणून हा लेख.

उशीर झाला का?

सरळ उत्तर आहे, नाही. पण ते का, हे समजून घेतलं पाहिजे.

‘केसरी टूर्स’चे केसरीभाऊ पाटील आपल्याच पेशातले. पालघर भागातला हा माणूस आधी शिक्षक होता. नंतर भावाच्या पर्यटन व्यवसायात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. 1984 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. पहिली सहल राजस्थानची आणि पर्यटक फक्त 13. या गोष्टीतलं ‘पन्नाशी’ आपल्या लक्षात राहतं. खरं लक्ष द्यायचं ते आधीच्या वर्षांकडे. लोकांना गोळा कसं करायचं, वेळेवर जेवण कसं द्यायचं, रुसलेल्याला कसं समजवायचं, हे सगळं त्यांनी आधीच हाताखालून घातलं होतं.

अमेरिकेतल्या ‘कर्नल’ सँडर्स यांचं उदाहरण भाषणांत नेहमी दिलं जातं. 1890 चा जन्म, आणि कोंबडीच्या पाककृतीचा पहिला परवाना त्यांनी दुसऱ्या हॉटेलवाल्याला दिला 1952 मध्ये, म्हणजे वय 62. पण रस्त्याकडेला पेट्रोल पंपाशेजारी जेवण द्यायला त्यांनी 1930 मध्येच सुरुवात केली होती. पदार्थ वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या जिभेवर तपासून झाला होता. पुढे नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला, हॉटेलचं गिऱ्हाईक तुटलं, 1956 मध्ये हॉटेल विकावं लागलं. हातात राहिली ती पाककृती आणि ओळखी. त्यावर ते पुन्हा उभे राहिले.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या लाखो नव्या उद्योगांची माहिती तपासली, तेव्हा सर्वांत वेगाने वाढलेल्या उद्योगांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय 45 निघालं. त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यश मिळण्याची शक्यता बरीच जास्त होती. म्हणजे वय आपल्या बाजूने बोलतं, पण आपण जे आयुष्यभर केलं त्याच कामात. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तर तिथे आपण वीस वर्षांच्या पोराइतकेच नवखे.

आपल्या राज्यातलं ताजं उदाहरण म्हणजे अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे. सत्तरीच्या घरातल्या या आजींचं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल घराघरांत पोचलं. स्वयंपाक आजीचा, मोबाइल नातवाचा. आजीने मोबाइल शिकून घेईपर्यंत कोणी थांबलं नाही आणि नातवाने मसाला शिकण्याचा हट्ट धरला नाही. ज्याचं त्याने केलं. आपल्या घरात अशी जोडी असेल तर अर्धं काम झालं समजा.

आपल्या भागात काय चालतं?

नवीन काय करावं याचा शोध घेण्याआधी आजूबाजूला बघावं. पेण म्हटलं की गणपती. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागात गणपतीचे कारखाने आहेत आणि मूर्ती इथून देशात-परदेशात जातात. दुसरी ओळख पोह्याच्या पापडाची, मिरगुंडांची. उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा, आंबा, फणसाचे गरे, कोकम, सुकी मासळी. ही सगळी कामं इथल्या बायामाणसांना येतात. शिकवणीची फी लागत नाही.

फक्त या कामांना ऋतू असतो. पापड शिमग्यापासून मे अखेरपर्यंत. एकदा मृगाच्या सरी आल्या की वाळवण बंद. गणपतीच्या रंगकामाची घाई उन्हाळा ते श्रावण. म्हणजे वर्षाचे बारा महिने मिळकत नसते, चार-पाच महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं असतं. नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला दर महिन्याच्या पगाराची सवय असते, त्याला ही गोष्ट जड जाते.

आणि काही गोष्टी आपल्या हातातच नसतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं मे 2020 मध्ये आली, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मूर्तिकारांना कित्येक महिने पुढचं काही ठरवता येईना. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण झालं, उड्डाणपूल आले. जिथे गाड्या थांबायच्या तिथून त्या वरच्या वर निघून जाऊ लागल्या, की टपरीवाल्याने काय करायचं? सँडर्स यांच्यावर आलेली वेळ वडखळ नाक्यावरच्या कुणावरही येऊ शकते. तरुण माणूस जागा बदलतो, पुन्हा कर्ज काढतो. साठीच्या माणसाकडे तेवढी वर्षं हाताशी नसतात. म्हणून या वयात सुरुवातच लहान करायची.

एका घाण्याचा हिशोब

आता आकडेमोड करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारभावाने बदलून घ्या.

समजा, एक काकू आणि त्यांची सून मिळून दोन दिवसांत 8 किलो पोह्याचे पापड करतात. एका वेळच्या या मालाला आपण ‘घाणा’ म्हणू.

पोह्याचं पीठ : 560 रुपये
तिखट, हिंग, पापडखार, मीठ, तेल : 340 रुपये
पिशव्या आणि लेबल : 100 रुपये
दळण आणि रिक्षा : 100 रुपये
एकूण खर्च : 1100 रुपये

किलोला 320 रुपये भाव मिळाला तर विक्री 2560 रुपये. पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे नफा 1460 रुपये. दोन दिवसांत दीड हजाराच्या आसपास! घरात सगळे खूश.

आता राहिलेला खर्च लिहू. काकूंनी दोन दिवस रोज 8 तास काम केलं, म्हणजे 16 तास. सुनेने रोज 5 तास, म्हणजे 10 तास. एकूण 26 तास. तासाला फक्त 50 रुपये धरले तरी मजुरी होते 1300 रुपये. 1460 मधून 1300 गेले, उरले 160. आणि वाळवताना, भरताना अर्धा किलो पापड मोडला, तर त्याचे 160 रुपयेही गेले. खरा नफा शून्य.

याचा अर्थ काकूंनी पापड करू नयेत, असा मुळीच नाही. त्यांना मजुरी मिळालीच आहे आणि ती घराला लागते. पण हा हिशोब मांडला नाही तर दोन चुका ठरलेल्या. पहिली, मागणी वाढली म्हणून काकू दोन बायका कामाला लावतील, त्यांना मजुरी रोख द्यावी लागेल आणि मग ध्यानात येईल की देण्यापुरतेच पैसे येतात. दुसरी, सुनेच्या दहा तासांना किंमतच नाही असं घर धरून चालेल. पुढे सून "मला नाही जमणार" म्हणाली की तिच्यावर ठपका. खरं तर तिचे 500 रुपये कोणी तिच्या हातात ठेवलेलेच नसतात.

मग करायचं काय? भाव ठरवताना मजुरी आणि मोडतोड आधीच धरायची. विकण्याजोगा माल साडेसात किलो. किलोला 380 रुपये मिळाले तर विक्री 2850. त्यातून 1100 आणि 1300 वजा केले की 450 रुपये उरतात. हा धंद्याचा नफा. यातूनच पुढचा माल, नवीन ताडपत्री, पावसाळ्यातली शिल्लक. 380 ला गिऱ्हाईक मिळत नसेल तर तेही वेळीच कळलेलं बरं. मग नाक्यावरच्या दुकानाऐवजी थेट ओळखीतल्या घरांना द्या, नाहीतर वेळ कमी लागेल असं दुसरं काही करा.

लिज्जत पापड या संस्थेकडे या नजरेने बघा. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाकिटं झाली चार. पण लाटणाऱ्या बहिणीला तिच्या लाटण्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, ही त्या संस्थेची चौकट. त्या मजुरीला तिथे ‘वणई’ म्हणतात. आपल्या घरात दोनच माणसं असली, तरी वणई काढून ठेवायला काय हरकत आहे?

उधारीचंही याच जागी बघून घ्या. एका घाण्यातला 2 किलो माल उधार गेला आणि परत आला नाही, तर 760 रुपये बुडाले. म्हणजे 450 च्या हिशोबाने जवळजवळ दोन घाण्यांचा नफा गेला. गावात नाही म्हणायला जड जातं, नात्यातलं माणूस असतं. त्यावर उपाय एकच, उधारीची मर्यादा आधीच ठरवायची आणि वहीत नावासकट लिहायची.

जमापुंजीला हात लावण्याआधी

निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे हातात येतात. याच वेळी घरात सल्ले देणारे वाढतात. कोणी शेड बांधा म्हणतं, कोणी यंत्र घ्या, कोणी भागीदारीत या.

एक साधी तुलना करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल 2023 मध्ये 8.2 टक्के झाला. त्या दराने 5 लाख रुपये ठेवले तर वर्षाला 41,000 रुपये व्याज, तेही काही न करता. दर वेळोवेळी जाहीर होतो, तेव्हा पोस्टात विचारून ताजा आकडा घ्या. आता हेच 5 लाख धंद्यात घालायचे असतील, तर धंद्याने सगळ्यांची मजुरी देऊन वर किमान 41,000 रुपये वर्षाला दिले पाहिजेत. तेवढे देणार नसेल तर पैसा पोस्टात बरा आणि धंदा त्याच्या स्वतःच्या कमाईतून वाढलेला बरा.

तीस वर्षांच्या मुलाचे 2 लाख बुडाले तर तो कमावून भरून काढू शकतो. पासष्टीच्या माणसाचे बुडाले तर ते औषधाचे बुडाले. म्हणून मर्यादा अशी घाला : बुडाले तरी औषध, किराणा आणि नातवंडांच्या खर्चाला धक्का लागणार नाही, तेवढेच पैसे धंद्यात. राहतं घर आणि शेतजमीन गहाण नाही. पहिला एक हंगाम यंत्राशिवाय, घरातल्या भांड्यांवर काढायचा. हंगामाच्या शेवटी वहीत नफा दिसला तरच पुढची खरेदी.

कागदपत्रं आणि कर्ज

यात घाबरण्यासारखं काही नाही. थोडक्यात सांगते.

1. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. अगदी लहान उद्योगाला मोठा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. त्याची फी वर्षाला 100 रुपये अशी आहे. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, पत्ता, 14 अंकी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाला हिरवी खूण.

2. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. आधारवर होते आणि सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे. यासाठी हजार-दोन हजार मागणारा भेटला तर समजून जा.

3. महिला बचत गट असेल तर ‘उमेद’ अभियानाच्या तालुका कक्षात जा. गटातलं अंतर्गत कर्ज, प्रशिक्षण आणि प्रदर्शनात स्टॉल मिळण्याची वाट तिथून जाते.

4. मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. 2008 पासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची वरची अट नाही, ही ज्येष्ठांच्या कामाची गोष्ट. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या 25 टक्के, तर महिला व इतर विशेष गटांना 35 टक्के अनुदान. मात्र ते रोख हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं राखून ठेवतात आणि मग कर्जखात्याला लावतात. चालू अटी अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून मगच अर्ज करा.

कर्ज देताना बँक वय बघते आणि मुलाला सहकर्जदार म्हणून सही करायला सांगू शकते. ती सही म्हणजे मुलावर तेवढंच कर्ज. त्यामुळे सगळ्या घराने एकत्र बसून ठरवावं, बँकेच्या काउंटरवर नव्हे.

शरीर आणि घर

पापड लाटायला खाली बसावं लागतं, गुडघे बोलतात. कांद्याची पोती उचलायची तर कंबर. म्हणून ओट्यावर, टेबलावर काम मांडा. दिवसाचे तास आधीच ठरवा, आणि मे महिन्यात दुपारी 12 ते 4 उन्हात काम नको.

धंद्याचं बँक खातं वेगळं असावं आणि त्याला वारसाचं नाव लावलेलं असावं. कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं हे फक्त आजोबांच्या डोक्यात राहू नये. आजोबा आठ दिवस दवाखान्यात राहिले तर वही बघून दुसऱ्याला काम चालवता आलं पाहिजे. आणखी एक, नातवंडं सांभाळण्याचं काम आजी आधीच करत असते. धंदा सुरू झाला की ते काम कोण करणार, याचं उत्तर घराने आधी शोधावं. नाहीतर आजीच्या डोक्यावर दोन्ही ओझी.

आपल्या शिक्षकांसाठी

सेवेत असताना आचरण नियमांमुळे आपल्याला खाजगी व्यापार करता येत नाही. घरातलं कोणी करत असेल तर ते कार्यालयाला कळवून ठेवावं. पण शिकायला कोणाची हरकत नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्यांना जुन्या पेन्शनचा भरवसा पूर्वीच्या गुरुजींसारखा धरता येत नाही. 58 व्या वर्षी निवृत्त झाल्यावर हातात काय कसब असेल, याचा विचार पस्तिशीतच केलेला बरा. सुट्टीत मधमाश्यापालन, रोपवाटिका, शिवणकाम, जे आवडतं ते मन लावून शिकून घ्यावं. केसरीभाऊंची आधीची वर्षं आठवा.

वर्गात काय करता येईल?

सहावी-सातवीच्या मुलांना हा पाठ प्रत्यक्ष करून बघता येतो. मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या एका आजी-आजोबांना विचारून एक तक्ता भरायचा : वस्तू कोणती, कच्चा माल किती रुपयांचा, किती जणांनी किती तास काम केलं, विक्री किती, उधारी किती. आधी पुस्तकाच्या सूत्राने नफा काढायचा. मग मजुरी धरून पुन्हा काढायचा. दोन उत्तरांत फरक का पडला, यावर वर्गात चर्चा घ्यावी. तासाची मजुरी किती धरायची हे मुलांनाच ठरवू द्या. आजीच्या कामाला तासाला किती रुपये द्यावेत, हा प्रश्न मुलांनी आपसात सोडवला की गणिताबरोबर बरंच काही शिकून होतं. कोणाच्या घरची कमाई वर्गात मोठ्याने वाचली जाणार नाही, एवढी काळजी आपण घ्यावी.

पालकांना एकच विनंती. घरातलं ज्येष्ठ माणूस काही सुरू करायचं म्हणालं तर "आता कशाला या वयात" असं म्हणू नका, आणि भरात येऊन लाखभराचं यंत्रही आणून देऊ नका. शंभर पानी वही आणून द्या. चार रकाने आखा : खर्च, तास, विक्री, उधारी. रात्री जेवणं झाल्यावर पाच मिनिटं बसून ती नातवंडाकडून भरून घ्या. एका हंगामानंतर पुढे जायचं की थांबायचं, ते त्या वहीत दिसेल.